तिजणीच्या तळाला

सिद्धीच्या मनगटाला, आतल्या बाजूने, जिथे शीर निळी दिसते तिथे, सोमवारी सकाळी बसच्या सीटचा दांडा लागला. लागला तेव्हा ती चांगलीच कळवळली होती. संध्याकाळपर्यंत त्या जागी जांभळा डाग उठायला हवा होता, मग त्याच्या कडा हिरवट व्हायला हव्या होत्या आणि शेवटी सगळा पिवळा पडून विरायला हवा होता. हा क्रम तिला पाठ होता. मंगळवारी सकाळी नार्व्याच्या घरात जनेलाशी उभी राहून तिने हात खिडकीच्या उजेडात धरला. कातडी स्वच्छ होती. बोटाने दाबून पाहिलं. थोडं दुखलं, पण रंग नव्हता.

दुसऱ्या कुणाला यात बरंच वाटलं असतं. सिद्धीने मात्र दुसरं मनगटही उलटून पाहिलं. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन तिच्या काळजाची एक झडप खराब झाली होती. लग्नानंतर दोन वर्षांनी ती जास्तच बिघडली आणि बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन करून तिथे धातूची झडप बसवली. या गोष्टीला चार वर्षं झाली. धातूवर रक्त गोठू पाहतं, म्हणून रोज रात्री जेवल्यावर रक्त न गोठण्याची गोळी, जन्मभर. त्या गोळीमुळे कुठे जरा आपटलं तरी अंगावर डाग उठत. सुरुवातीला तिला त्यांची लाज वाटे, ती पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घाली. हळूहळू तिला कळलं की डाग दिसतो आहे म्हणजे गोळी आपलं काम करते आहे. श्रावण लागल्यापासून तिच्या अंगावर एकही डाग उठला नव्हता.

"सिद्धी, कोप रिकामो कर गो आदी," आतून सासूची हाक आली. "थंड झाली काय ती गळ्यात अडकता."

सासूला ती मांय म्हणत असे. शेवंती माहेरची मांद्र्याची, हाताला चव असलेली आणि तोंडाला धार असलेली. रोज सकाळी ती सुनेसाठी नाचणीची तिजण करी. नाचणीचं सत्त्व, गूळ, नारळाचा रस, चिमूटभर मीठ. ऑपरेशननंतर अंगात ताकद यावी म्हणून सुरू झालेली ती पेज पुढे घरची रीतच होऊन गेली होती.

सिद्धीने पेजेचा कोप तोंडाला लावला. चव नेहमीचीच, मागून किंचित कडवट. शेवटचा घोट उरला तेव्हा तिने कोप तिरका केला. तपकिरी साक्यात हिरवे बारीक कण होते, वाळलेला पाला चुरल्यावर दिसतात तसे. ते तिने आज पहिल्यांदा पाहिले नव्हते. तिने कोप नळाखाली धरला, विसळला आणि पालथा घातला.

"बघ कशी तुकतुकी आयली तोंडार," मांय तिच्याकडे निरखून म्हणाली. पडवीत शेजारची चंद्रावती नारळ सोलायची कोयती मागायला आली होती. तिच्याकडे वळून मांयने विचारलं, "काय गो चंद्रावती, सुधारला मगो पोर माजा?"

"सुधारला तर," चंद्रावती म्हणाली. "आता शेवंते, तुज्या पडवीत पाळणो बांधलो काय मी कोयती परत दितलंय. तोवर माज्याकडेच रवांदी."

"तर मग तू ती कोयती आताच परत कर," मांय हसत म्हणाली. "आता जास्त दिवस लागचे नात."

दोघी हसल्या. सिद्धीने पर्स उचलली आणि छत्री शोधायच्या निमित्ताने खोलीत गेली. खोलीत कुणी नसलं की तिला तिची झडप ऐकू येई. टिक, टिक, अंगाच्या आतून येणारा बारीक कोरडा आवाज. तिचा नवरा रुद्रेश हा नार्वे आणि दिवाडी या गावांमधल्या फेरीबोटीवर खलाशी होता. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात तो म्हणाला होता, "सासऱ्यांनी लग्नात मला घड्याळ दिलं नाही म्हणून मी रुसलो होतो. घे, आता उशालाच आलं." त्या रात्री दोघंही हसून हसून दमली होती. आज तिने श्वास रोखून कान दिला. आवाज होता. झडपेवर रक्त गोठू लागलं की तो दबतो, असं तिला सांगितलेलं होतं. नेहमीइतकाच होता की थोडा दबलेला, हे तिला ठरवता येईना.

कॉलेजला जाताना ती वाटेत डिचोलीच्या प्रयोगशाळेत उतरली आणि रक्त देऊन गेली. रक्त किती सावकाश गोठतं ते सांगणारा तिचा आकडा अडीच आणि साडेतीन यांच्यामध्ये राहायला हवा. दुपारी फोनवर कळला तो दीड होता.

तिला नेहमी तपासणाऱ्या, म्हापशाच्या इस्पितळातल्या डॉक्टर प्राजक्तांनी संध्याकाळी लगेच बोलावून घेतलं. त्या कमी बोलणाऱ्या होत्या, पण विचारताना काही सोडत नसत. गोळी चुकली का? नाही. उलट्या, जुलाब? नाही. दुसरं काही औषध, ताकदीची गोळी, कुणी दिलेलं चूर्ण, काढा?

"नाही," सिद्धी म्हणाली. "श्रावण आहे, त्यामुळे घरात पालेभाज्या जास्त होतात. टाकळा, माठ."

"पालेभाजीत 'के' जीवनसत्त्व असतं. रक्त गोठायला ते लागतं आणि तुमची गोळी नेमकं त्याचंच काम अडवते. पाला वाढला की गोळी कमी पडते. म्हणजे पाला खायचाच नाही असं नाही. रोज साधारण सारखाच खा. आज थोडा आणि उद्या टोपभर, असं नको." डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवून दिली आणि आकडा वर येईपर्यंत पोटाच्या कातडीत घ्यायची इंजेक्शनं लिहिली. "पण नुसत्या भाजीने इतकं उतरेल असं मला वाटत नाही. आठवून बघा. काहीतरी जातंय पोटात."

सिद्धीने मान हलवली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. एखादं मिश्रण अपेक्षेप्रमाणे वागलं नाही तर आधी काय करायचं, ते ती दर वर्षी मुलांना सांगे. भांड्यात काय काय घातलंय ते पाहायचं. बसमध्ये बसल्यावर डोळ्यांसमोर कोपाच्या तळाचा तो हिरवा चुरा आला. घरी जाऊन एक प्रश्न विचारायचा होता, मांय, तिजणीत काय घालता? इतकंच. पण त्या प्रश्नाच्या पाठीमागून दुसरा प्रश्न येणार होता, आणि त्याला चार वर्षं कुणी हात लावला नव्हता.

ऑपरेशननंतर बांबोळीच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते, विशेषतः पहिल्या महिन्यांत. गोळी बदलून इंजेक्शनं दिली तर झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. सगळं सांभाळून बाळंतपण निभावलेल्या बायका आहेत. न निभावलेल्याही आहेत. तुम्ही दोघं विचार करून ठरवा, आणि काही होण्याआधी येऊन सांगा. परतताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून रुद्रेश म्हणाला होता, "बघूया." घरी मांयने विचारलं तेव्हा तोच म्हणाला, "डॉक्टर सध्या थांबा म्हणतात." त्या 'सध्या'वर चार श्रावण गेले. मांय रोज सकाळी त्या 'सध्या'ला तिजण पाजत होती, आणि सिद्धीला तिचा हात धरायचं धैर्य होत नव्हतं. विचारलं तर सांगावं लागेल. सांगितलं तर ते खरं होईल.

तिने विचारलं नाही. इंजेक्शनं ती दाराला कडी लावून घेत होती. रुद्रेशला तिने आकडा सांगितला, तेव्हा तो आंघोळीची बालदी भरत होता. त्याने नळ बंद केला.

"पाल्यामुळे असेल," तो म्हणाला. "आईला सांगू का पाला कमी कर म्हणून?"

"सांग."

"अष्टमी होऊन जाऊ दे. आता घरात पाहुणे येतील. मग बघूया."

नार्व्याला अष्टमीची जत्रा मोठी. नदीवर आंघोळीला लांबून माणसं येत, आणि फेरीबोटीला उसंत नसे. घरात आंबोळ्यांचं पीठ भिजायचं, काळे वाटाणे भिजायचे आणि अंगणात शेगलाच्या फांद्या येऊन पडायच्या. शेवग्याला या घरात शेगूल म्हणत. अष्टमीचा उपास त्याच्या पाल्याच्या भाजीशिवाय सुटत नसे. सिद्धी कॉलेजातून आली की त्या फांद्या ओलांडून घरात शिरे आणि हात धुताना मनगटं उलटसुलट करून पाही. आपण डाग शोधतो आहोत याचं तिचं तिलाच हसू येई. पण रात्री कूस बदलली की कान आत लागे, आणि एकदा लागला की मग झोप नसे.

दुसऱ्यांदा रक्त दिलं, तेव्हा मात्रा वाढवूनही आकडा दीडच्या खाली गेला होता. "हे गणित बसत नाही," डॉक्टर प्राजक्ता फोनवर म्हणाल्या. "उद्या कॉलेज सुटलं की या. येताना घरातलं जे जे खाता ते सगळं लिहून घेऊन या. आणि बोलता बोलता अडखळायला झालं, हात जड पडला, तोंड वाकडं वाटलं, तर उद्याची वाट बघू नका."

दुसरा दिवस अष्टमीचा. कॉलेजला सुट्टी नव्हती, पण वर्गात निम्मी मुलं. सिद्धीने फळ्यावर बेंझीनचा षट्कोन काढला. पाचवी बाजू ओढताना खडू हातातून पडला. ती खाली वाकली आणि तिला आपली बोटं दिसली. तिचीच होती, पण दुसऱ्या कुणाचा हातमोजा पडलेला असावा तशी लांबची. पुढच्या बाकावरच्या मुलीने खडू उचलून पुढे केला. "मॅडम, खडू." सिद्धीला 'ठेव तिथे' म्हणायचं होतं. शब्द तिला दिसत होते, पण जिभेवर येत नव्हते. तिने फळ्याला पाठ टेकली. मग पाणी ओसरावं तसं सगळं ओसरलं. बोटं परत आली. "ठेव तिथे," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. मुलगी तिच्याकडे टक लावून पाहत राहिली.

त्या मुलीने शेजारच्या वर्गातून जीवशास्त्र शिकवणाऱ्या तेजस्विनीला बोलावून आणलं. तेजस्विनीने एकही प्रश्न न विचारता गाडी काढली. वाटेत डॉक्टरांना फोन केला, आणि त्यांच्या सांगण्यावरून सरळ म्हापशाच्या इस्पितळात आणली. डोक्याचा फोटो काढला, काळजाची सोनोग्राफी झाली. झडपेच्या कडेला गोठलेल्या रक्ताचा पातळ पापुद्रा दिसत होता. त्यातलाच एखादा कण सुटून डोक्याकडे गेला आणि विरला असावा. मोठा असता तर विरला नसता. हाताला ड्रिप लागली. "वेळेवर आलात," डॉक्टर प्राजक्ता म्हणाल्या. आणि मग तोच प्रश्न. या वेळी सिद्धीने 'नाही' म्हटलं नाही.

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. "विचारून सांगते."

दुपार उलटत असताना रुद्रेश आला, खलाशाच्या गणवेशातच, आणि त्याच्या मागून मांय. तिचं लुगडं पावसाने गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. हातात पिशवी, आणि पिशवीतून थर्मासचं लाल झाकण वर आलेलं.

"त्या पांढऱ्या कपड्यातल्या चेडवान माका दारार अडयला," मांय आल्या आल्या म्हणाली. "सांगलंय, बाये, तुज्या इंजेक्शनान पोट भरता काय? आमच्या पोराक सकाळपासून अन्न ना." तिने खुर्ची ओढली, सिद्धीच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. "काय करून घेतलंस गो?"

"काही नाही मांय. बरी आहे."

"माका आज उपास. तुका ना." मांयने पिशवीतून कोप काढला, ढवळायची कुलेर काढली, थर्मासचं झाकण फिरवलं. खोलीत गुळाचा आणि नारळाचा वास पसरला. "घरात पाहुणे टाकून आयलंय. आंबोळ्यांचा पीठ चंद्रावतीच्या हवाली. आता आंबला तर आंबांदी."

तिने कोप भरून पुढे केला. सिद्धीने तो घेतला नाही.

"मांय, यात काय घालता?"

"नाचणी. गूळ. रस."

"आणि?"

मांयने कोप खाटेशेजारच्या टेबलावर ठेवला. रुद्रेशने एकदा आईकडे पाहिलं, एकदा कोपाकडे.

"शेगूल," मांय म्हणाली. "पाल्याची पूड. माज्या भावाच्या अक्षयान दिली. मांद्र्याक त्याच्याकडे त्या फोरीनरणी रवतत मगो, त्या सकाळी उठून पाण्यात घालून पितत. तो सावलीत सुकवता, बरणीत भरता, वर चिठी चिकटयता. सगळा चांगला. एका बाईक तर थंयच दिवस रवले." ती थांबली. "आदी एक कुलेर घातलंय. मागीर दोन केली. मागीर तीन."

"मला का नाही सांगितलं?"

"तू गप पीत होतंस." मांयचा आवाज खाली गेला. "कडू लागता म्हणून एकदा तरी तोंड वाकडा करशीत, असा माका वाटला होता. एकदाय केलंस ना. म्हटला, पोराक कळला आसा आणि मानवला आसा."

हे खरं होतं. सिद्धीला ड्रिपच्या थेंबांकडे पाहावंसं वाटलं आणि ती तिकडेच पाहत बोलू लागली. गोळी काय करते, पाल्यातलं जीवनसत्त्व काय करतं, शेगलाच्या पाल्यात ते किती जास्त असतं आणि वाळवून पूड केली की एका कुलेरात केवढा पाला मावतो. वर्गात सांगते तसंच तिने सांगितलं, सावकाश, मधला एकही दुवा न गाळता. मांय ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सकाळी वर्गात काय झालं ते ऐकल्यावर ती उठली आणि थर्मास घेऊन बेसिनकडे निघाली.

"माज्या हातान," ती म्हणाली. "माज्या हातान झाला. आजपासून घरात पालो येवचो ना. अष्टमीचो पण नाका. देव माका समजून घेतलो."

"मांय, थांबा. असं एकदम तोडायचं नाही." सिद्धी उशीवरून उठू पाहत होती, तिला रुद्रेशने धरलं. "माझ्या गोळ्या वाढवल्यात. पाला एकदम बंद झाला तर त्याच गोळ्या जास्त होतील. मग कुठून तरी रक्त सुरू होईल आणि थांबणार नाही. पूड बंद करायचीच, पण डॉक्टरांना सांगून. त्या हिशोबाने गोळी कमी करतील. बरणी घेऊन या उद्या. त्यांना दाखवू. भाजी मी पूर्वीसारखीच खाईन."

मांय बेसिनपाशी थर्मास धरून उभी राहिली. मग तिने झाकण परत लावलं आणि लुगड्याच्या पदराने ते पुसत राहिली. बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला खिडकीतून बस दाखवत होती. तिघांनीही ते ऐकलं.

"बरा," मांय म्हणाली. ती परत खुर्चीत येऊन बसली, आणि तिच्या डोळ्यांत एक जुनी चमक परत आली. सिद्धीला ती ओळखीची होती. "पूड नाका तर नाका. चोपड्याक एक मनीस आसा, सदाशिव म्हणून. तो मुळी दिता. पालो न्हय तो, मूळ. त्याच्यात तुजा ता जीवनसत्त्व आसचा ना. तू बरी होऊन घरा ये, मागीर हांव एकदा जावन..."

"आई," रुद्रेश म्हणाला. "ते नंतर. बघूया."

सिद्धीने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच थकला होता. गणवेशाच्या बाहीवर फेरीच्या साखळीचं ग्रीस लागलं होतं, आणि त्या 'बघूया'त कुणालाच दुखवायचं नव्हतं. आईला नाही, बायकोला नाही, स्वतःलाही नाही. काही दिवसांनी ती घरी जाईल. मग कोपात दुसरं काहीतरी येईल, पांढरं किंवा काळं, तळाला न दिसणारं. मांयचा हात त्यात साखर ढवळावी तितक्या मायेने फिरेल, आणि ती पुन्हा गप्प राहून तो कोप रिकामा करेल. तिने डोळे मिटले. आतून टिक, टिक येत होतं, थोडं दबलेलं, पण येत होतं. रुद्रेशची बोटं तिच्या दंडावर होती. त्यालाही ऐकू येत असावं.

"बघूया नको, रुद्रेश," ती म्हणाली. मग ती मांयकडे वळली आणि ड्रिप नसलेला हात पुढे करून तिने मांयच्या मांडीवरचा थर्मास बाजूला ठेवला. मांयच्या हातात आता काहीच नव्हतं. सिद्धीने तो हात धरला.

"मांय, डॉक्टर सध्या थांबा म्हणाले नव्हते. धोका सांगून ते म्हणाले होते, तुम्हीच ठरवा. ते आम्ही ठरवलंच नाही आणि तुमच्यापासून लपवलं. आज मी ठरवलंय. मला जगायचंय. मी मूल होऊ देणार नाही. आता नाही, आणि नंतरही नाही."